मिरगुळे आले नाहीत

रंजनाबाईने वाळत्या मिरचीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि आत कुणी आहे का ते चाचपलं. कुणी नव्हतं. नुसती मिरची.

"मावशी, रोज काय धुंडस?" जीपवाल्या हेमराजने मिरची वाळवायच्या पथारीच्या कडेवरून विचारलं. "अंगठी पडनी का?"

"मिरगुळे उनात नही."

हेमराजही वाकून ढिगाकडे बघू लागला. कार्तिक संपत आला तरी नंदुरबारच्या पथारीवर मिरगुळे नाहीत, ही काही थट्टेची गोष्ट नव्हती.

मिरगुळे वीतभर उंच असतात. त्यांचं मूळगाव तोरणमाळ, खाईच्या काठावरच्या कपारीत. धानोऱ्याला उसाच्या पाचटात त्यांचा एक पाडा आहे. त्या पाड्याला कुणीतरी एकदा नळ दिला. पहिल्याच धारेत तिघे वाहून गेले. तिघेही शेजारच्या बांधावर सापडले, पण तेव्हापासून पाड्याने विकासाला नम्र नकार कळवला आहे. हिवाळ्यात मात्र पुष्कळसे मिरगुळे नंदुरबारला उतरतात, कारण उन्हात तापलेल्या मिरचीसारखी ऊब सातपुड्यात नाही. रंजनाबाईकडे दिवाळीनंतर वीसेक जण यायचे आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परत वर जायचे. दिवसभर ढिगातून त्यांची भांडणं ऐकू येत. मूलबाळ नसलेल्या घराला तेवढा गलका पुरे.

आषाढात तिचा नवरा भिकन गेला. तेव्हापासून घरात आवाज म्हणजे भांड्यांचा, आणि तोही तिला मुद्दाम करावा लागे.

"रुसनात त्या," ती म्हणाली. "दरसाल घरधनी लेवाले जायेत. औंदा कोनीच गयं नही. सासरथीन लेवाले मूळ उनं नही, तर माहेरवाशीण कशी निघी? चूक मन्हीच शे."

"मंग चाल. बस जीपमा."

तिने मांडीवर पाटी घेतली. मिरगुळ्यांना परतीच्या वाटेवर थंडी वाजू नये म्हणून पाटीत ऊन ऊन मिरची. घाटाच्या प्रत्येक वळणावर हेमराज शिंकला, आणि प्रत्येक शिंकेला जीप दरीत डोकावून आली. रंजनाबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती ओठांतल्या ओठांत माफीचे शब्द जुळवत होती. ते आले नाहीत तर या पाटीतून परत काय न्यायचं, ते तिला सुचत नव्हतं.

कपारीशी मिरगुळ्यांचा म्होरक्या उदेसिंग दगडावर बसला होता. फेट्यासकट वीतभर. ती खाली बसली, पदर सारखा केला.

"उदेसिंगबा, चुकनू मी. लेवाले उनू. चालतस ना?"

"कोठे?"

"घर."

उदेसिंगने मान पुरती मागे टाकून तिच्याकडे पाहिलं.

"पहिले तू आयक. कितला उशीर कया! आम्ही आषाढपासून वाट देखी ऱ्हायनूत."

"मन्ही?"

"मंग कोनी? दुखवटा कोठे सुटस? माहेरमाच ना?" तो चिडून म्हणाला. "दोन जन मूळ धाडेल शेतस तुले लेवाले. पायी. आते धानोरालोंग पोचनात असा निरोप शे."

रंजनाबाईचं माहेर भाऊ गेला तेव्हाच संपलं होतं. भिकनच्या तेराव्याला सगळ्यांची माणसं आली, तिच्या बाजूची सतरंजी रिकामी होती; दुखवट्याचं माहेरचं लुगडं घालायला कुणी नव्हतं. तिने पाटीवरचं फडकं उगाच सारखं केलं.

"ए, आणा रे," उदेसिंग कपारीत ओरडला.

आतून आठ-दहा जण एक लुगडं डोक्यावर तोलत, एकमेकांना शिव्या देत बाहेर आले. शेवरीच्या कापसाचं, हळदीत रंगवलेलं. रंजनाबाईच्या तळहातावर उलगडलं तेव्हा ते हातरुमालाएवढं भरलं. विणता विणता पावसाळा सरला, असं एकजण म्हणाला. त्याच्या बोटांना अजून पिवळं लागलेलं होतं.

रंजनाबाईने डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि ते लुगडं डोक्यावर ठेवलं. त्यात तिचा अंबाडा तेवढा झाकला गेला.

हेमराजने तोंड फिरवून दरीकडे पाहिलं. या वेळी तो शिंकला नव्हता.

"कमी पडस का?" उदेसिंगने जरा काळजीने विचारलं.

"नही बा," ती म्हणाली. "उलट लांब व्हई ऱ्हायनं."

आणि उरलेला पदर खोचावा तसा तिने रिकामा हात कमरेशी नेला.