तीन नंबरच्या घराची चौकशी

शिवकुमारनी म्हाताऱ्याच्या खांद्यावरची कापडी पिशवी ओढून घेतली आणि गेटजवळच्या कट्ट्यावर उपडी केली. त्या ओढाओढीत म्हाताऱ्याची पांढरी टोपी मातीत पडली. पिशवीतून दोन केळी, चष्म्याचं घर, घडी घातलेला रुमाल आणि एक कंगवा बाहेर आला. एवढ्या सामानानिशी नंदीविहार कॉलनी लुटायला निघालेला लातुरातला हा पहिलाच चोर असावा. पण भोवती जमलेल्या पुरुषांपैकी एकालाही हसू आलं नाही.

“हत्यार जोडीदाराजवळ असंल,” शेजारच्या घरातले शेषेराव म्हणाले. “हे लोक जोडीनं फिरतेत.”

म्हाताऱ्यानं वाकून टोपी उचलली, गुडघ्यावर झटकली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. शिवकुमारचा मुलगा विरेश हाताच्या अंतरावर उभा होता. त्याचे दोन्ही हात मोबाईल धरण्यात गुंतले होते. तो शूटिंग करत होता.

विरेशची आई अंबिका वरच्या गॅलरीत कुरडया उलटत होती. टोपी पडलेली तिनं पाहिली. तिच्या हातातली कुरडई मोडली, तरी ती जागची हलली नाही. खाली पुरुषांचं काहीतरी चाललंय, आपण कशाला मध्ये पडा, असं तिला वाटलं. बायकांना असं वाटावं याची सोय कॉलनीनं आधीच करून ठेवली होती.

कॉलनीत एक सुरक्षा समिती होती आणि समितीचा मोबाईलवर एक ग्रुप होता. नाव ‘सतर्क घरमालक’. ज्याच्या नावावर घर, तोच ग्रुपवर, फार तर त्याचा मुलगा. घरं सगळी पुरुषांच्या नावावर, त्यामुळे दिवसभर घरात राहून कॉलनीवर ज्यांची नजर असायची त्या बायका ग्रुपच्या बाहेर, आणि दिवसभर बाहेर असणारे नवरे सतर्क. शिवकुमार अध्यक्ष होते. अडत दुकान धाकट्या भावाकडे सोपवल्यापासून त्यांना वेळच वेळ होता. रोज सकाळी ते ग्रुपवर एक सूचना टाकत. भंगारवाल्याचा फोटो, फुगेवाल्याचा फोटो, एकदा तर मीटर बघायला आलेल्या माणसाचाही फोटो. दिवाळीत कुणाचा तरी सिलेंडर गेला तेव्हा ग्रुपवर नुसता हलकल्लोळ झाला होता. सिलेंडर घरमालकाच्या मेहुण्यानंच नेला होता हे नंतर कळलं, पण ती खबर काही ग्रुपवर आली नाही. घाबरवणारी बातमी सगळ्यांना लागते, खरी कुणाला हवी असते?

आजचा गुन्हा मात्र मोठा होता. म्हातारा सकाळी कोपऱ्यावरच्या पंचफुलाबाईंच्या किराणा दुकानात बसून तीन नंबरच्या घराची माहिती काढत होता. घर स्वतःचं की भाड्याचं? घरात माणसं किती? पोरगा रात्री किती वाजता येतो? गाडी कुणाच्या नावावर? आणि तीन नंबरचं घर म्हणजे खुद्द अध्यक्षांचं.

“माझ्या घरावर पाळत?” शिवकुमार पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांचा आवाज संतापानं चिरकला होता आणि त्यात थोडी ऐटही होती. “बोला ना. कशाला पाहिजे होती माहिती? कुणी पाठवलं?”

“कुनी न्हाई पाठवलं,” म्हातारा म्हणाला. “सवताहून आलो.”

“नाव?”

“महादेवप्पा. देवणीकडला हाय मी.”

“अन् काम काय इथं?”

महादेवप्पांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग मान खाली घातली.

“ते सांगता यायचं न्हाई.”

“बघा,” शेषेराव म्हणाले. “सांगता यायचं न्हाई म्हनून राहिला. म्या म्हणलं नव्हतं?”

फाल्गुनातलं ऊन कट्ट्यावर आलं होतं. महादेवप्पांना मुद्दाम उन्हाच्या बाजूला बसवलं होतं. विरेशनं फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘संशयित पकडला. चेहरा लक्षात ठेवा.’ पटापट अंगठे आले. कुणीतरी पोलिसांना फोन लावला, तो लागला नाही. मग शिवकुमारना आपण सज्जन आहोत याची आठवण झाली.

“आम्ही काही राक्षस नाही,” ते मोठ्यानं म्हणाले आणि वर पाहिलं. “अंबिका, पाणी आण गं यांना.”

अंबिकानं तांब्या भरला, वर फुलपात्र पालथं घातलं आणि खाली आली. पुरुषांनी तिला वाट करून दिली. जवळून पाहिलं तर महादेवप्पांचे ओठ सुकून फुटले होते. तिनं फुलपात्र भरून पुढं केलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, तोंडाशी नेलं आणि थांबले.

“अक्का, पानी कुन्या घरचं हाय?”

“आमच्याच. तीन नंबरचं.”

महादेवप्पांनी फुलपात्र खाली आणलं. एक थेंबही न सांडू देता कट्ट्यावर ठेवलं.

“ऱ्हाऊ द्या. तहान न्हाई मला.”

“मनात पाप असलं की पाणी उतरत नाही घशाखाली,” मागून कुणीतरी म्हणालं.

अंबिका मात्र त्या भरल्या फुलपात्राकडे पाहत राहिली. तिच्या लग्नाआधी तिचे काका शिवकुमारचं तेव्हाचं भाड्याचं घर बघायला लातूरला आले होते. समोरच्या सायकलच्या दुकानात दुपारभर बसून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याकडे चौकशी केली होती आणि गावी परत येऊन अंगणातल्या रांजणातलं तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले होते. त्या घरी पाणी दिलं नाही का, असं आईनं विचारल्यावर ते म्हणाले होते, “दिलं, पण घेतलं नाही. सोयरीक ठरण्याआधी त्या घरचं पाणी तोंडी लावलं, आणि उद्या नाही म्हणायची वेळ आली, तर त्या पाण्याशी बेइमानी होते.”

घर स्वतःचं आहे का. पोरगा कधी येतो. गाडी कुणाच्या नावावर. अंबिकाला एकदम उमगलं. विरेशनं तिशी ओलांडली होती. नोकरी लातुरातच, पुण्यात फ्लॅट नाही, म्हणून तीन वर्षं स्थळं दारापर्यंत येण्याआधीच माघारी जात होती. वधू-वर मेळावे झाले, सोमवारचे उपवास झाले, ओळखीच्या प्रत्येकाच्या हातात मुलाची माहिती दिली. कुणी तरी येऊन आपल्या पोराची नुसती चौकशी करावी म्हणून ती देवाला हात जोडत होती. आणि चौकशी करणारा आला, तर त्याला उन्हात बसवून त्याची पिशवी उपडी केली होती. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, पण इथं कर्म अध्यक्ष होऊन स्वतः गेटवर उभं होतं.

पिशवीतलं सामान भरून देण्याच्या निमित्तानं ती वाकली आणि हळूच म्हणाली,

“पाव्हणं, पोरगी काय शिकलीय?”

महादेवप्पांनी झटकन वर पाहिलं.  त्यांनी फक्त हात जोडले. ते हात नमस्काराचे नव्हते. इथं नको, एवढंच ते सांगत होते. आणि हा माणूस इतका वेळ का गप्प बसला ते अंबिकाला कळलं. एक शब्द बोलला असता तर सुटला असता, पण मग पोरीचं नाव या दहा तोंडांत गेलं असतं, उद्या सोयरीक झाली नाही तर गावभर फिरलं असतं. नाव जपायला त्यानं चोर होणं पत्करलं होतं.

तिनं शिवकुमारना बाजूला घेतलं आणि दोन वाक्यांत सांगितलं. अध्यक्षांचा चेहरा उतरला. मग तो चेहरा ज्या वेगानं गोड झाला, ते पाहून अंबिकाला नवऱ्याची कधी वाटली नव्हती एवढी शिसारी आली.

“अरे अरे, काय हे, उठा उठा,” शिवकुमार हात पसरून पुढं झाले. “उन्हात कुणी बसवलं यांना? आधीच सांगायचं ना, तुम्ही तर आमचे सोय...”

“माझ्या माहेरकडचे आहेत,” अंबिका मध्येच म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “मलाच भेटायला आले होते. मीच ओळखलं नाही.”

“मग चौकशा कशाला करत होते?” शेषेरावांनी विचारलं.

“माहेरचा माणूस पोरीचा संसार कसा चाललाय ते चार लोकांना विचारतो, भाऊजी. तुम्ही नाही का विचारत?”

शेषेरावांच्या दोन मुली नांदेडकडं दिल्या होत्या. ते मागं सरले. माणसं पांगली. चोर चोर नाही हे कळल्यावर कुणाला हायसं वाटलेलं दिसलं नाही. उलट हातातलं काही काढून घेतल्यासारखे ते आपापल्या घरी गेले. माफी एकानंही मागितली नाही.

शिवकुमार पाव्हण्यांना घरात चला, चहा घ्या, जेवूनच जा म्हणून आग्रह करत होते. महादेवप्पा शांतपणे नाही म्हणत होते. अंबिकानं नवऱ्याला फाटकाच्या आत बोलावलं.

“आणि हे पाव्हणे नसते तर?”

“म्हणजे?”

“आपल्या कामाचे नसते, नुसतेच कुणी असते, तर आता कुठं असते?”

“अगं, सुरक्षेसाठी विचारावं लागतं. मला काय स्वप्न पडलं होतं?”

“विचारावं लागतं, कबूल. पिशवी उपडी करावी लागते? ग्रुपवर लिहा, यांची चूक नव्हती. माफी मागा.”

शिवकुमारनी चष्मा लावला, बराच वेळ टाईप केलं आणि फोन तिच्यापुढं धरला. ‘सदर इसमाबाबत झालेला गैरसमज दूर झाला आहे. तरी सर्व घरमालकांनी सतर्क राहावे.’

“माफी कुठंय यात?”

“माफी लिहिली तर समितीची चूक झाली असा अर्थ निघेल.”

“झाली नाही का?”

शिवकुमारनी चष्मा काढून खिशात ठेवला. विरेश मागं उभा होता, म्हणाला, “आई, मी फोटो डिलीट केलाय. पण लोकांनी पुढं पाठवला. बाकीच्या कॉलन्यांच्या ग्रुपवर गेलाय. आता काही होत नाही.”

काही होत नाही. किती सहज म्हणाला. देवणीचा एक अब्रूदार माणूस आज लातूरभर चोर म्हणून फिरत होता, आणि काही होत नव्हतं. अंबिकाला पोराच्या कानाखाली द्यावीशी वाटली. ती तशीच पदर सावरत बाहेर पडली, कारण महादेवप्पा कोपऱ्यावर पोचले होते.

मोठ्या रस्त्यापर्यंत दोघं बरोबर चालले. पंचफुलाबाईंनी दुकानातून पाहिलं आणि घाईनं डाळ मोजायला घेतली. रस्त्यावर आल्यावर महादेवप्पांनी रिक्षाला हात केला. रिक्षा थांबली, तसे ते अंबिकाकडे वळले.

“अक्का, तुमी वळखलात. लई उपकार झाले, तिचं नाव निघू दिलं न्हाईत.”

“उपकार कसले.”

“आता एक इचारतो. पोराची माय म्हणून नगा सांगू. शेजारीन म्हणून सांगा. शेजारनीलाच इचारायला आलतो मी. घर कसं हाय?”

या एका प्रश्नासाठी तिनं तीन वर्षं वाट पाहिली होती. शेजारीण काय सांगते ते सगळ्या मराठवाड्याला माहीत आहे. घर सोन्यासारखं आहे, पोरगा लाखात एक, डोळे झाकून द्या. कुणाचं जुळत असलेलं मोडून पाप कोण घेणार? तिनं तेवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. झाला प्रकार हा माणूस कदाचित पोटात घालून घेईलही, इतका तो भला दिसत होता. आणि नेमकं तेच तिला सोसवेना.

“घर सवताचं हाय,” ती म्हणाली. नकळत तिची माहेरची बोली ओठावर आली. “कर्ज न्हाई. पोरगा कामाला हाय. सुपारीचं सुदीक व्यसन न्हाई.”

महादेवप्पा ऐकत होते.

“पर मघाशी तुमची टोपी पडली, तवा त्यो जवळच हुता. त्यानं उचलली न्हाई. शूटिंग करत हुता. तुमचा फोटो बी त्यानंच टाकला.”

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. महादेवप्पांनी हातानंच त्याला थांब म्हटलं.

“अन् सासू कशी हाय?”

 अंबिकानं नजर वळवली नाही.

“सासू वर गॅलरीत हुती. टोपी पडलेली तिनं बी बघितली. नवऱ्यानं पानी मागितलं, तवा खाली आली.”

 महादेवप्पा रिक्षात बसले, पिशवी मांडीवर घेतली. रिक्षावाल्यानं गाडी सुरू केल्यावर ते बाहेर वाकले.

“पोरीचं नाव अक्षरा हाय,” ते म्हणाले. “माझी भाची. तिला समदं सांगतो. तुमी सांगितलं तसंच.”

रिक्षा स्टँडच्या दिशेनं निघून गेली.