वन्संचा चष्मा

“एक तुकडा जाळून तर बघू या,” भागूबाई म्हणाली. “मागच्या अंगणात. अगदी नखाएवढा.”

कारखान्यातले सगळे हसले. शीट कापणारे मिस्त्री तर हातातली करवत खाली ठेवून हसले. भागूबाईला कशाचीही भीती वाटते हे तिथे नव्याने कुणाला सांगायला लागत नव्हतं. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण ते हजेरीपुरतं. लिफ्टमध्ये ती एकटी चढत नसे. अवेळी फोन वाजला की तो ती दुसऱ्या कुणाला तरी उचलायला लावी. घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघायची, चार पावलं गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढायची. “हिच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे आदल्या दिवशी निघावं,” असं तिचा नवरा म्हणायचा. भित्री भागूबाई हे नाव त्यानेच ठेवलं आणि ते घरातून कारखान्यात पोचलं.

कारखाना म्हणजे तळमजल्यावरचा एक लांबट हॉल. तिथे चष्म्याच्या फ्रेमा हाताने बनत. जाड रंगीत शीटमधून करवतीने आकार कापायचा, कानशीने कडा गोल करायच्या, बिजागऱ्या बसवायच्या आणि शेवटी कापडी चाकावर धरून घासत राहायचं, बोटाला काचेसारखं लागेपर्यंत. हे शेवटचं काम भागूबाईचं. मोठ्या दुकानांच्या काचेच्या कपाटांत दिवे लावून मांडलेल्या फ्रेमांवरची चमक तिच्या हातची असायची.

त्या दिवशी मॅडमनी टेबलावर जी शीट ठेवली होती ती वेगळी होती. मॅडम म्हणजे कारखान्याच्या मालकीण, सगळी डिझाइन्स त्यांचीच. एका बंद पडलेल्या कंगव्यांच्या कारखान्याच्या गोदामातून त्यांनी हा जुना माल शोधून आणला होता. उजेडासमोर धरली की शीटमध्ये मध गोठल्यासारखा दिसे आणि त्यात गडद थेंब थबकलेले. भागूबाईने कोपरा कानशीने जरासा घासला आणि तिच्या नाकात कापराचा वास शिरला. तेव्हापासून तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. “जाळून बघायची गरज नाही,” त्या म्हणाल्या. “हे सेल्युलॉइड आहे. यात कापूर असतो. पेट पटकन घेतं, मला माहीत आहे. म्हणून चाक हळू चालवायचं, पाणी लावत राहायचं, खाली भुसा साचू द्यायचा नाही. मोजक्याच फ्रेमा करायच्या आहेत, प्रदर्शनापुरत्या. हे तेज हल्लीच्या शीटला येतच नाही हो. तुम्हीच बघा ना.”

ते खरं होतं. भागूबाईलाही दिसत होतं.

मिस्त्रींनी गंमत म्हणून अंगणात एका चिमट्यात कपची धरली आणि काडी लावली. फुस्स झालं आणि चिमट्यात काहीच उरलं नाही, राखसुद्धा नाही.

“झालं समाधान?” मिस्त्री म्हणाले.

“माझ्याच्याने नाही होणार,” भागूबाई म्हणाली. “मॅडम, मला दुसरं काहीही सांगा. हे चाकावर धरायला माझा हात उचलणार नाही.”

“मग दे इकडे. मी करते,” मागून वन्सं म्हणाली.

वन्सं ही भागूबाईची धाकटी नणंद. भागूबाई लग्न होऊन आली तेव्हा ही शाळेत जाणारी, दोन वेण्या आणि जाड भिंगांचा चष्मा. सासूबाईंचा हुकूम होता की नणंदेला ‘अहो वन्सं’च म्हणायचं. त्या चिमुरडीला अहो-जाहो करताना दोघींनाही हसू फुटायचं. पुढे सासूबाई गेल्या, अहो गेलं, वन्सं तेवढं राहिलं. लग्न करायचं नाही असं तिने एकदाच आणि शांतपणे सांगितलं होतं. भागूबाईनेच तिला कारखान्यात आणलं. घरात जेवढं म्हणून धाडस होतं ते सगळं वन्संच्या वाट्याला आलं होतं. पाल मारायला, छतावर चढायला, भांडखोर शेजाऱ्याशी बोलायला तीच पुढे.

“वन्सं, तू यात पडू नकोस,” भागूबाई हळूच म्हणाली.

“वहिनी, मिस्त्रींच्या बिडीची तुला भीती वाटते, माझ्या स्कूटरची वाटते, गॅसची वाटते. कशाकशाला थांबायचं माणसाने?”

भीतीला कारण दाखवता येतं, पण पुरावा कुठून आणायचा? तिने मग तिच्या परीने जमेल ते केलं. कपाटातून मोठा संरक्षक गॉगल काढला, जो चष्म्यावरूनही बसतो आणि जो घाम येतो म्हणून कुणीच लावत नसे. “हा लावलास तरच चाक सुरू करू देईन,” म्हणाली. वन्संने वहिनीच्या समाधानासाठी तो लावला. मग भागूबाईने पाण्याची बादली भरून आणली, एक गोणपाट भिजवलं आणि स्टूल ओढून तिच्या शेजारी बसली.

“आता हिची सुईण होणार बहुतेक,” मिस्त्री म्हणाले. पुन्हा हशा.

पहिली फ्रेम सुरेख झाली. दुसरी त्याहून. वन्संचा हात हलका होता, अधूनमधून पाण्यात बोटं बुडवून ती फ्रेम ओली करायची. मॅडमनी पहिली फ्रेम स्वतः डोळ्यांवर लावून बघितली आणि त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा उजळला. भागूबाईला वाटलं, मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात तेच खरं. आपलं मनच वैरी. तिने गोणपाट मांडीवरून खाली ठेवलं.

तेवढ्यात आवाज झाला. स्फोटाचा नव्हे. कुणी ओली चादर जोरात झटकावी तसा मऊ, भरदार आवाज. चाकाखालच्या ट्रेमध्ये भुसा वरून ओला दिसत होता, पण खालचा कोरडाच राहिला होता. चाकाच्या मोटारीची ठिणगी तिथे पोचली असावी. पांढरापिवळा लोळ सरळ वर आला आणि त्यात वन्संचं डोकं दिसेनासं झालं.

पुढचं भागूबाईला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. पाय आपोआप उठले. बादली रिकामी झाली. गोणपाट वन्संच्या डोक्यावर पडलं आणि त्यावर भागूबाई स्वतः पडली. मिस्त्रींनी मेन स्विच ओढला. मॅडम उरलेल्या शीटा छातीशी कवटाळून अंगणात पळाल्या, तो साठा हॉलमध्ये राहिला असता तर कुणीच वाचलं नसतं. मनगटापासून कोपरापर्यंत आपलंही भाजलं आहे हे भागूबाईला इस्पितळात नर्सने सांगितलं. तिने बाही खाली ओढली आणि विचारलं, “तिचे डोळे?”

डोळे वाचले होते. डॉक्टर म्हणाले, गॉगलने वाचवले. जेवढा भाग गॉगलखाली होता तेवढी कातडी कोरी राहिली होती, डोळ्यांभोवती आणि नाकाच्या वरच्या टोकाशी. बाकी गाल, नाकाचा शेंडा, हनुवटी आणि दोन्ही कानांचे वरचे काठ यांचं जे व्हायचं ते झालं होतं.

बायका भेटायला येत आणि भागूबाईला म्हणत, तुझ्या भित्रेपणानेच तिला वाचवलं बाई. ती नकारार्थी मान हलवायची. कारण तिला एकच दिसायचं. चाकासमोरचं ते स्टूल तिचं होतं. ते चाक तिचं होतं. ती भ्याली म्हणून तिथे दुसरं कुणी बसलं.

वन्सं घरी आली तेव्हा जखमा भरत आल्या होत्या, पण चष्मा लावता येत नव्हता. कानांच्या काठांवरची नवी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होती, दांडी टेकली की फाटायची. आणि चष्म्याशिवाय वन्संला हातभर अंतरावरचंही धड दिसत नसे. ती भिंत चाचपत चाले, आवाजावरून माणसं ओळखे. “वहिनी, तू म्हणजे सध्या एक निळा ढग आहेस,” ती म्हणायची. “दादा म्हणजे खोकणारा ढग.”

मोरीतला आरसा भागूबाईने भिंतीवरून काढून कपाटामागे ठेवला होता. कुणी विचारलं तर पुसायला काढलाय, असं सांगायचं तिने ठरवलं होतं. कुणी विचारलं नाही.

एक दिवस मॅडम आल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या. त्यांनी तो जुना माल अग्निशमन दलाच्या ताब्यात दिला होता, प्रदर्शन रद्द केलं होतं. “मला माहीत होतं आणि तरी मी केलं,” एवढंच म्हणाल्या. वन्सं म्हणाली, “माहीत मलाही होतं, मॅडम. कपची जळताना मीही बघितली होती.” मग मॅडमनी पिशवीतून कागद काढला. त्यावर एका फ्रेमचं चित्र होतं. फ्रेमचा सगळा भार फक्त नाकाच्या वरच्या कोऱ्या भागावर येईल अशी रुंद, मऊ कमान. दांड्या कानांना न शिवता वरून केसांवरून जाणार आणि मागे एक कापडी पट्टी. “मी काढलंय,” त्या भागूबाईला म्हणाल्या, “पण कमान बसवायची ती तुम्हीच. केसभर चुकली तर टोचेल.”

भागूबाई पुन्हा कारखान्यात गेली. छतावरचा काळा डाग रंग मारूनही पुसट दिसत होता. चाकाचं बटण दाबायला तिचा हात पुढे झालाच नाही. तिने मिस्त्रींकडून साधी, न पेटणारी पातळ शीट कापून घेतली आणि खिडकीपाशी बसून सगळं कानशीने, मग बारीक पॉलिशपेपरने, मग कापडाने केलं. मिस्त्री अधूनमधून चहाचा कप आणून ठेवत. आता ते चेष्टा करत नसत. घरी येऊन ती कमान वन्संच्या नाकावर टेकवून बघायची, श्वास रोखून, जणू साबणाच्या फुग्यावर काहीतरी ठेवतेय. कुठे दाबलं जातं ते खूण करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा कानस.

फ्रेम तयार झाली. भिंगंही बसली. आणि भागूबाईने चष्मा रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि घरी येऊन म्हणाली, “अजून जराशी राहिलीय. डावीकडे टोचेल.”

दुसऱ्या दिवशी म्हणाली, पट्टीचं कापड बदलायला हवं. त्यानंतर बिजागरी सैल होती.

“झालाय ना तयार?” नवऱ्याने स्वयंपाकघरात येऊन विचारलं. तो हळू बोलला, तरी त्याचा खोकला घरभर ऐकू गेला.

“झालाय.”

“मग देत का नाहीस?”

“तिला दिसेल.”

“दिसणारच. चष्मा त्यासाठीच असतो.”

“तुम्हाला कळत नाहीये,” भागूबाई म्हणाली. “अजून तिने स्वतःला बघितलेलं नाही. अजून ती तीच आहे. मी हा चष्मा दिला की…” आयुष्यभर ती घडू शकणाऱ्या गोष्टींना भ्याली होती. घडून गेलेल्या गोष्टीला इतकं भ्यायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. नवरा ओट्याला टेकून उभा राहिला.

“वहिनी,” बाहेरून वन्संने हाक मारली. “इकडे ये. येताना पर्स घेऊन ये.”

भागूबाई पर्स घेऊन गेली. वन्सं खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, चेहरा उजेडाकडे.

“कमान केव्हाच बसली होती,” ती म्हणाली. “तू बोट काढलंस तेव्हा काहीच टोचलं नाही, आणि घरी आलीस की पर्सची चेन उघडून पुन्हा लावतेस, ते ऐकू येतं. मोरीतल्या भिंतीवर आरसा नाही, तेही हाताला कळलंय.”

“वन्सं…”

“मी रोज हाताने बघते गं चेहरा. तुला काय वाटतं, मला माहीत नाही? गालाला हात लावला की तो दुसऱ्याच कुणाचा वाटतो. मला भीती वाटते, वहिनी. तू समजतेस तशी मी नाहीये. पण ही अशी चाचपत बसण्याची भीती जास्त आहे.”

वन्सं घाबरली आहे असं भागूबाईने तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. तिने रुमाल उलगडला. पट्टी केसांमागे नीट बसवली, दांड्या कानांपासून वर उचलून धरल्या आणि कमान हळूच टेकवली.

वन्संचे डोळे मिटलेलेच होते. मग उघडले. तिने आधी आरसा मागितला नाही. ती समोर बघत राहिली, भागूबाईकडे, बराच वेळ. मग तिने हात पुढे करून भागूबाईची बाही मनगटापासून वर सरकवली.

“हे मला कुणीच सांगितलं नाही,” ती म्हणाली.

“त्यात काय सांगायचं.”

“दुखतं?”

“ऊन लागलं की.”

वन्संने बाही पुन्हा खाली केली, नीट, बटणासकट. “आण आता,” ती म्हणाली.

भागूबाईने कपाटामागून आरसा काढला. त्याच्यावर धूळ बसली होती, ती तिने पदराने पुसली. मग वन्संसमोर उभी राहून तिने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. आरशात काय दिसतंय ते तिला दिसत नव्हतं. तिला आरशाच्या वरून फक्त वन्संचे डोळे दिसत होते, भिंगांमागे मोठे झालेले, एका जागी थांबलेले. पाठ फिरवून स्वयंपाकघरात जावं असं तिला वाटलं. ती गेली नाही.

“वहिनी,” थोड्या वेळाने वन्सं म्हणाली, “हलवू नकोस. नीट दिसत नाहीये.”

भागूबाईने कोपरं अंगाशी घट्ट दाबली आणि आरसा स्थिर धरला.