टाकी ठेवायची की काढायची

जानेवारीत इंग्लंडातल्या हॅलिफॅक्समध्ये घर आणि पाणी तापवणारे घरोघरचे बॉयलर बंद पडतात, आणि ते बदलता बदलता माझे गुडघे. त्या दिवसातलं ते तिसरं घर. मिसेस अकरॉइड यांनी अंगात ओव्हरकोट घालूनच दार उघडलं.

"ये लेका. बूट राहू देत, लादी नुसती बर्फ झालीय."

त्या आठ दिवस किटलीत पाणी तापवून नवऱ्याचं अंग पुसत होत्या. त्यांच्या विल्फला आताशा माणसं ओळखू येत नव्हती. बॉयलर पाहिला. दुरुस्तीच्या पलीकडे गेलेला.

स्वयंपाकघरात बसून मी नेहमीचं सांगितलं, "कॉम्बी घ्या. नळ सोडला की गरम पाणी, साठवण नाही. वरच्या मजल्यावरच्या कपाटातली गरम पाण्याची टाकी काढून टाकू. दोघांच्या घराला तेच बरं."

"आमची लेक जिलियनही हेच म्हणते. कपाट मोकळं होईल म्हणे. मोकळ्या कपाटात मी काय ठेवू? मला तर आता काही ठरवायलाच नको वाटतं. तूच ठरव."

तेवढ्यात वरून धपधप आवाज आला. आम्ही वर धावलो. कपाटाचं दार सताड उघडं, आत घडीचे टॉवेल, आणि विल्फ तांब्याच्या टाकीला कवटाळून तिच्यावर थापट्या मारत होता. "गार पडली हो," तो मला म्हणाला. डोळ्यांत पाणी.

"रोज दुपारी इथे येऊन पाठ टेकून उभा राहतो," मिसेस अकरॉइड हळूच म्हणाल्या. "ऊब लागली की गप्प होतो. तेवढ्यात माझा चहा होतो. आठ दिवस झाले, चहा नाही नि काही नाही."

"मग मला आधी सांगायचं ना!"

"तू बॉयलरबद्दल विचारलंस, लेका. याच्याबद्दल कुठे विचारलंस?"

टाकी ठेवायची आणि तिला चालेल असा साधा बॉयलर बसवायचा, असं ठरलं. जिलियन फोनवर चिडली. "आई, ते जुनाट खोकं कशाला?" मिसेस अकरॉइड यांनी फोन ठेवला.

गुरुवारी काम झालं. दुपारी दोनपर्यंत टाकी तापली. विल्फ आला, हात लावून बघितला, पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले. मी कागदावर सही घ्यायला खाली गेलो, तर मिसेस अकरॉइड खुर्चीतच झोपल्या होत्या. अंगात ओव्हरकोट तसाच. समोरच्या चहाला हातही लागला नव्हता.

पुढच्या घरांचे फोन येत होते. तिथंही माणसं गारठली होती. मी फोनचा आवाज बंद केला आणि विल्फ दिसेल अशा बेतानं जिन्याच्या पायरीवर बसलो. चार वाजता त्याला सांभाळणारी बाई येणार होती.