मी जोखलेली चूल

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. तराजू नव्हे हं! दोन पारडी सांभाळत बसणे माझ्या नशिबी नव्हते. माझ्या डोक्यावर कडी, पायाशी आकडा आणि पोटात पोलादी स्प्रिंग. आकड्याला ओझे टांगले की स्प्रिंग ताणली जाते आणि तबकडीवरची सुई वजन सांगते. पंचवीस किलोपर्यंत कोणतेही ओझे आणा, मी मागे हटणार नाही!

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. पहिली काही वर्षे मी रद्दीवाल्याकडे काढली. "काटा मारतोस काय रे?" हे गिऱ्हाइकांचे वाक्य मला पाठ झाले होते. काटा मारणार माणूस आणि बदनाम मी!

मग एके दिवशी एक तरुण बाई दुकानात शिरली. तिने मला उचलले, सुई शून्यावर आहे का ते पाहिले आणि पैसे मोजून मला पिशवीत टाकले. ती इंधनाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत संशोधक होती. कोणत्या घरात किती लाकूड जळते आणि त्यावरून सरकारने कोणते नियम करावेत, हा तिचा विषय. लोक तिला चूलताई म्हणत.

तेव्हा मोठीच गडबड चालू होती. टेकडीवरच्या वस्तीत ऊर्जा खात्याने काटकसरी चुली वाटल्या होत्या. या चुलीला निम्मेच लाकूड लागते, असे प्रयोगशाळेने लिहून दिले होते. मग वनखात्याने ठरवले, की गरज निम्मी झाली, तर जंगलातून घराला मिळणारे लाकूडही निम्मे करू. महिनाभरात बैठक आणि लगेच हुकूम. त्याआधी घरोघरी खरोखर किती लाकूड वाचते, ते पाहायचे काम चूलताईकडे आले. आणि ते काम म्हणजे मी! माझी स्प्रिंग अभिमानाने थरथरली.

मला पहिल्यांदा टांगले ते सुईणकाकूंच्या स्वयंपाकघरात, तुळईच्या खिळ्याला. वस्तीतली कितीतरी पोरे काकूंच्याच हातावर जन्मली होती. घरात नऊ माणसे. सकाळी मोळी जोखायची, दुसऱ्या सकाळी उरलेले लाकूड जोखायचे. मधला फरक म्हणजे जळलेले लाकूड. जुन्या चुलीला रोज चौदा किलो लागत. आता सात यायला हवे होते.

आले साडेतेरा!

ताईने मला टिचकी मारली. "बिघडला की काय हा?"

मित्रांनो, असा संशय फार झोंबतो. पण ताई नुसती चडफडत बसली नाही. तिने रिकामा डबा मला टांगून जोखला, मग त्यात मापाने पाच लिटर पाणी ओतले आणि पुन्हा टांगला. मी श्वास रोखला. सुई बरोब्बर पाच किलोंनी पुढे सरकली. एक केसभरही इकडेतिकडे नाही!

"काटा खरा आहे," ताई म्हणाली. "मग लाकूड जातंय कुठे?"

काकूंनी पदराने हात पुसले. नवी चूल नुकतीच घासल्यासारखी चकचकीत होती. त्या जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "रागावणार नसशील तर सांगते. मागच्या अंगणात चल."

तिथे जुनी चूल धडधडून पेटली होती! वर पाण्याचे भलेमोठे पातेले.

"नव्या चुलीवर हे पातेलं बसतच नाही गं. तिचं तोंडही एवढंसं. बोटाएवढ्या ढलप्या करत बसले तर बाळंतिणीकडे कोण जाणार? खात्याची माणसं आली की ही विझवते. चूल परत नेली तर काय घ्या!"

ताईने काकूंचे दोन्ही हात धरले. "काकू, महिनाभर डोकं फोडून मला जे कळलं नसतं, ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत!"

मग काय, कामाला नुसते उधाण आले. हळूहळू शेजारणीही खरे बोलू लागल्या. प्रत्येकीच्या मागच्या अंगणात तीच कथा. ताईने गवंड्याला बोलावले. काकूंनी पातेले पुढ्यात ठेवून हुकूम सोडला, "आधी हे बसलं पाहिजे, मग बाकीचं." गवंड्याने चुलीचे तोंड रुंद केले आणि धूर जातो त्या वाटेवर पातेल्यासाठी दुसरे भोक काढले. वाया जाणाऱ्या उष्णतेवर पाणी तापू लागले. चार दिवसांत दहा घरांतल्या चुली बदलल्या.

पुढचा आठवडाभर माझ्याभोवती रोज घोळका जमे. शेवटच्या सकाळी काकूंनी स्वतः उरलेले लाकूड टांगले, स्वतःच सुई वाचली, वजाबाकी केली आणि ओरडल्या, "साडेआठच जळलं! परत टांगा, परत!" तीनदा टांगले. तिन्ही वेळा तेच. बाया टाळ्या पिटत होत्या आणि मी खिळ्यावर गरागरा फिरत होतो.

बैठकीला ताई मला घेऊन गेली. काकूही आल्या. वनखात्याचे मोठे साहेब प्रयोगशाळेच्या अहवालावर बोट ठेवून म्हणाले, "प्रयोगशाळेत निम्मं लाकूड लागतं. सही आहे, शिक्का आहे."

काकू उभ्या राहिल्या. "साहेब, तुमच्या प्रयोगशाळेत बाळंतिणीला आंघोळ घालतात का हो?"

सगळी खोली खो खो हसली. साहेबही हसले, पण हट्ट सोडीनात. "बरं, आता साडेआठ आलंय ना? म्हणजे जवळजवळ सातच की!"

"दीड किलोचा फरक आहे, साहेब," ताई शांतपणे म्हणाली. "तेवढ्यात नऊ माणसांचं एका वेळचं जेवण शिजतं. आणि ज्यांच्या चुली बदलल्या नाहीत, त्या घरांत अजून जवळजवळ पूर्वीइतकंच जळतंय."

साहेबांनी मला हातात घेतले. सुई बराच वेळ न्याहाळली. मग कागद ओढला आणि लाकूड कमी करण्याचा हुकूम थांबवला. आधी प्रत्येक चूल दुरुस्त करायची, वर्षभर जोखायचे, मगच जंगलाचा नियम. बाहेर आल्यावर काकूंनी माझी तबकडी पदराने पुसली. इतका मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले. मी कपाटात गेलो आणि माझ्या आकड्यावर गंज चढला. परवा ताईने मला बाहेर काढले. आता तिचे केस पिकले आहेत. ती विद्यार्थ्यांना म्हणाली, "ह्याची सुई सरकताना घरच्या बाईलाही दिसते. मग ती बोलायला लागते. नेऊ या ह्यालाच." कोणीतरी माझ्या स्प्रिंगला तेल दिले. आहा!

मित्रांनो, जुन्या वस्तूला ओलीत टाकू नका, पुसूनपासून ठेवा. आणि एवढे वाचते, तेवढे वाचते, असे कोणी छातीठोकपणे सांगितले, तर आधी जोखा आणि जिच्या घरात चूल पेटते तिला विचारा. बाकी पुन्हा कधीतरी बोलू, कारण दारात गाडी उभी आहे आणि ताईने मला पिशवीत घातलेसुद्धा!