घरचा नमुना

तिने चिमट्याने कलिंगडाची एक फोड उचलली, पिशवीत टाकली आणि फळवाल्याकडे न बघताच पिशवीचं तोंड बांधलं.

"अजून एक घ्या बाई, गोड आहे."

"खायला नेत नाहीये. तुमची गाडी बंद करायला नेतेय."

"मग तर गोडच न्या," फळवाला म्हणाला.

त्याने फडक्याने सुरी पुसली, त्याच फडक्याने हात पुसले आणि त्यानेच माशा हाकलल्या. तिने नाक मुरडलं. अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत वर्षं काढल्यावर तिच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं उरली होती, हात धुणारी आणि बाकीची. बाकीच्यांची तिला दया येत नसे, किळस येई. तिचे सासरे नेमके याच गाडीवर चोरून फोडी खात, आणि आता त्यांचा ताप पुन्हा डोकं वर काढत होता. सांगून काही उपयोग नाही, पालथ्या घड्यावर पाणी, असं ती नवऱ्याला सारखी ऐकवी.

ताप आला की डॉक्टरची पायरी चढायची तिच्या घरी पद्धत नव्हती. औषधातलं तिला कळत होतं. घरात कुणी कण्हलं की ती गोळ्या काढी, आणि बरं वाटलं की बंद करी. उरलेल्या गोळ्या डब्यात जपून ठेवायच्या, पुढच्या वेळी होतात. उगाच औषध वाया घालवायला ती काय अडाणी होती?

बाहेरच्या नमुन्याशेजारी तुलनेला एक स्वच्छ नमुना लावायची प्रयोगशाळेत रीत होती. तो मान ती कुणाला देत नसे. स्वतःच्या ओट्यावर, स्वतःच्या हाताने कापलेलं कलिंगड तिने डब्यातून आणलं, दोन्ही नमुन्यांना आकडे घातले आणि सहकाऱ्याच्या हवाली केले.

काही दिवसांनी त्याने दोन प्लेट तिच्यासमोर ठेवल्या. नमुन्यांतून वाढवलेल्या जंतूंवर औषधांच्या कागदी टिकल्या बसवलेल्या होत्या. औषध लागू पडलं, की टिकलीभोवतीचे जंतू मरून स्वच्छ कडं उमटतं. पहिल्या प्लेटवर प्रत्येक टिकलीभोवती कडं होतं. दुसऱ्या प्लेटवर एकही नव्हतं. जंतू टिकल्यांना खेटून वाढले होते.

"ही बघा घाण," तो दुसरी प्लेट पुढे सरकवत म्हणाला. "एक औषध चालत नाही. दोन दिवस गोळ्या खायच्या आणि सोडून द्यायच्या. जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. वर हात न धुता जगाला खायला घालायचं."

"या लोकांना काय सांगणार," ती म्हणाली आणि प्लेट उलटी केली.

तळाला तिने घरच्या नमुन्याला दिलेला आकडा होता. तिने पहिली प्लेट उलटून पाहिली. मग पुन्हा दुसरी.

"कुठली गाडी? आजच बंद करायला सांगतो."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सासरे होते.

"सूनबाई, हुडहुडी भरलीय गं. मागच्या उरलेल्या गोळ्या सापडल्या डब्यात. घेऊ ना?"

"नको, बाबा. त्या घेऊ नका."

"अगं, तूच तर म्हणतेस..."

"मी येतेय. दवाखान्यात जाऊ."

फोन खाली ठेवून ती बेसिनपाशी गेली. नळ सोडला, साबण घेतला आणि बोटांच्या बेचक्यांतून, नखांपाशी, मनगटापर्यंत चोळत राहिली. सहकारी प्लेट हातात धरून उत्तराची वाट पाहत उभा होता.

"मॅडम," अखेर तो म्हणाला, "हातमोजे तरी काढा."