तिसऱ्यांदा तेच वजन

लाकूड ओळखण्यात धाकट्याचा हात कुणी धरला नसता, कारण इतकं चुकणं दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं. ओंडक्याचं तोंड खरवडून, त्यावर थुंकीचं बोट फिरवून, नाक लावून थोरला विचारायचा, "सांग, काय आहे?" धाकटा न बघताच म्हणायचा, "जळाऊ." "गाढवाला गुळाची चव काय!" असं म्हणत थोरला पुढच्या ओंडक्याकडे वळायचा. सॉ मिल दोघा भावांची. ओळखायचं थोरल्यानं, कापायचं धाकट्यानं, अशी वीस वर्षांची वाटणी, आणि वीस वर्षं हा एकच विनोद पुरला होता.

अक्रोडाच्या त्या ओंडक्यालाही धाकटा जळाऊच म्हणाला होता, आणि त्या वेळी अगदी मनापासून. रस्ता रुंद करताना पाडलेलं झाड, चिखलानं लडबडलेलं, सालीत किडे. थोरल्यानं चाकूनं एवढंसं तासलं तर आत चॉकलेटी, जांभळट झाक असलेला गाभा निघाला. "अक्रोड आहे रे," तो हळूच म्हणाला, ओंडक्यानं ऐकलं तर भाव खाईल अशा बेतानं. "ह्याचं हिचं टेबल." ही म्हणजे वहिनी. ती पडदे शिवायची आणि कापड जमिनीवर गुडघे टेकून बेतायची. सात फुटी टेबल तिला लग्नापासून कबूल केलेलं होतं.

धाकट्यानं ओंडक्याच्या दोन इंची फळ्या पाडल्या. टोकं तडकू नयेत म्हणून थोरल्यानं त्यांना मेण फासलं, दोन फळ्यांमध्ये हवा खेळायला बोटभर जाडीच्या पट्ट्या घातल्या, सगळ्या अगदी एकाखाली एक, आणि छपराखाली थप्पी लावली. इंचाला एक वर्ष, असा सुकवण्याचा नियम. पण नुसत्या नियमावर विसंबणारा तो नव्हता. एक आखूड फळी त्यानं थप्पीत सुटी ठेवली होती. दर रविवारी ती ओढून काढायची, काट्यावर ठेवायची आणि वजन भिंतीवर खडूनं लिहायचं. पाणी उडेल तसं वजन उतरतं. ओळीनं तीन रविवार तेच वजन आलं की लाकूड सुकलं, थप्पी उघडायची.

अकरा किलो सातशेपासून नऊ किलो चारशेपर्यंतचे आकडे थोरल्याच्या हातचे. पुढचे धाकट्याचे. एका मंगळवारी दुपारी जेवता जेवता थोरला मागे रेलला आणि संपलं. डब्यात दोन घास उरले होते.

धाकटा रडला नाही. लोकांनी आधी त्याला खंबीर म्हटलं, मग दगड म्हटलं. त्याला दोन्ही पटलं. आठव्या दिवशी त्यानं करवत चालू केली. गुडघाभर भुशात उभा राहूनही त्याला लाकडाचा वास येईनासा झाला. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि नाक उत्तम आहे म्हणाले. गिऱ्हाईक सांगेल त्या नावाचा ओंडका समजायचा, कापायचा, हात धुवायचे. रविवारी फळी तोलायची, तेवढं मात्र नेमानं चालू होतं.

मग वजन आठ किलो शंभरवर थांबलं. एक रविवार आठ शंभर. दुसरा रविवार आठ शंभर. तिसऱ्या रविवारीही काटा तिथेच आला, आणि धाकट्यानं भिंतीवर लिहिलं, आठ ऐंशी. का, ते त्याला नीट माहीत होतं. थप्पी उघडली की पट्ट्या निघणार आणि थोरल्याच्या हातानं रचलेली शेवटची गोष्ट संपणार. एवढा एकच रविवार, असं तो स्वतःला म्हणाला. त्यानंतर दर रविवारी फळी आठ शंभर भरायची आणि तो आधीच्या आकड्यातून वीस ग्रॅम वजा करून लिहायचा. आपण खोटं लिहितोय याचंसुद्धा त्याला काही वाटत नव्हतं.

वहिनी शेजारच्या गल्लीत राहायची. रविवारी तो तिच्याकडे जेवायला जायचा.

"किती झालं वजन?"

"उतरतंय अजून."

"उतरू दे. एवढी थांबले, आणखी थोडी."

असं म्हणून ती कापडावरून उठायची, एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर. डॉक्टरांनी गुडघे टेकायला बंदी केली होती. पण शिवण ती सोडणार नव्हती आणि दुसरं टेबल घरात येऊ देणार नव्हती. धाकट्याला ते उठणं दर रविवारी दिसायचं. दिसायचं आणि तो भात कालवत राहायचा.

एका बुधवारी ती मिलमध्ये आली. धाकट्याचं पातं ओंडक्यात निम्म्यावर होतं. मध्येच थांबलं तर फळीवर काळा चटका बसतो, म्हणून चालू काप सोडायचा नाही, ही त्याची शिस्त. ती लंगडत भिंतीपाशी गेली आणि बोट लावून आकडे वाचू लागली, वरून खाली. मग थप्पीकडे वळली, सुटी फळी ओढली आणि पोटाशी धरून काट्यापर्यंत नेली. धाकटा बघत होता आणि ओंडका पुढे सरकवत होता. उरलेले चार फूट संपता संपेनात. सापडलो, एवढंच त्याला वाटलं, आणि तेही दुसऱ्या कुणाबद्दल वाटावं तसं.

त्यानं करवत बंद केली.

"भाऊजी, भिंतीवर सात पाचशे आहे," ती म्हणाली. "काट्यावर आठ शंभर. लाकूड काय रोज पाणी पितं?"

त्यानं हातावरचा भुसा झटकला.

"तीस रविवार. मोजले मी. तीस रविवार मी फरशीवर रांगतेय, आणि तुम्ही माझ्या तोंडावर सांगताय, उतरतंय."

"हो."

"हो काय? का?"

"दादानं लावलीय ना थप्पी."

ती संतापली होती. तिनं दोन ठेवून दिल्या असत्या तरी त्याची ना नव्हती. पण ती थप्पीकडे बघत राहिली. एवढ्या दिवसांत एक पट्टी इकडची तिकडे झाली नव्हती.

"त्यांनी लावली म्हणून तुम्ही हलवणार नाही," ती अखेर म्हणाली. "त्यांनी कबूल केलं म्हणून मी दुसरं आणणार नाही. छान चाललंय दोघांचं."

दुसऱ्या आठ शंभरच्या खालचं सगळं तिनं तळहातानं पुसून टाकलं. खडू उचलला आणि लिहिलं, आठ शंभर.

"हे तिसऱ्यांदा. आता उघडा."

त्यानं वरची पट्टी काढली. काही झालं नाही. दोघांनी मिळून पहिली फळी बाकावर ठेवली. राखाडी पडलेल्या लाकडावर त्यानं रंधा फिरवला आणि तपकिरी सालपट वेटोळं होऊन निघालं. वहिनीनं ते उचलून त्याच्या नाकाखाली धरलं.

"सांगा, काय आहे?"

त्यानं हुंगलं. वास आला नाही. "जळाऊ," तो सवयीनं म्हणाला.

"गाढवाला गुळाची चव काय!" तीही सवयीचं असल्यासारखी म्हणाली, अगदी थोरल्याच्या चालीत, शेवटचा शब्द ओढून.

आणि धाकट्याला रडू फुटलं. दोन वर्षांचं तुंबलेलं होतं, ते काही सभ्यपणे येणार नव्हतं. फळीवर ओणवा होऊन, तोंड उघडं टाकून तो हमसाहमशी रडला. वहिनीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिचेही डोळे वाहत होते. मग थोड्या वेळानं तिनं त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"फळीवर नको, भाऊजी," ती म्हणाली. "परत ओली झाली तर आणखी थांबायचं बळ नाही माझ्यात."