दिवेलागणीच्या आत

खणखणत फुलपात्र जमिनीवर पडलं आणि गडगडत जाऊन पलंगाच्या पायाला टेकलं. त्याआधी घर अगदी चिडीचूप होतं. अण्णा, सुहासिनीचे सासरे, आरामखुर्चीत डुलक्या घेत होते आणि ती तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात ताटातच थांबला.

"आई, पाणी पडली," मधल्या दारातून शकू म्हणाली.

पाच वर्षांच्या शकूची मराठी कलकत्त्यातल्या बागबाजारच्या बंगाली गल्लीत वाढलेली. तो, ती, ते सगळं तिला सारखंच. एरवी सुहासिनी हसून दुरुस्त करायची. आज ती नुसती, शकू ज्याला धडकली त्या दारापाशच्या स्टुलाकडे बघत राहिली. स्टूल रोजच्याच जागी होतं. खिडकीतून अजून इतका उजेड येत होता, की तिला ताटातला बारीक खडाही दिसत होता.

"हे इथे कोणी ठेवलं?" शकूने गुडघा चोळत दटावून विचारलं.

"धांदरट आहे झालं," अण्णा डोळे न उघडता म्हणाले. "खाली बघून चालायला नको."

एस्प्लनेडजवळचे डोळ्यांचे डॉक्टर धांदरट म्हणाले नव्हते. त्यांनी खोली अंधारी करून शकूला चालायला लावलं होतं, आणि मग विचारलं होतं, "घराण्यात पूर्वी कोणाला होतं का रातांधळेपण? असलं तर त्यांचं पुढे काय झालं ते शोधा. कोणाचं तेवढ्यावर थांबतं. कोणाचं थांबत नाही."

त्या शेवटच्या दोन शब्दांनी सुहासिनीचा जीव टांगणीला लागला होता. भाजी चिरताना, शकूची वेणी घालताना, ते शब्द मध्येच येऊन उभे राहायचे.

अण्णांना विचारलं, तर ते उसळले. "आमच्या घराण्यात? आजोबांपासून कलकत्त्यात आहोत, एकाच्या नाकावर साधा चष्मा चढला नाही. तुझ्या माहेरी विचार!"

माहेरी साताऱ्याला विचारून झालं होतं. तिथे पणजीपर्यंत सगळ्या मिणमिणत्या दिव्यात सुई ओवणाऱ्या.

नवरा, श्यामसुंदर, बँकेच्या कामाला आसनसोलला निघताना बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला होता, "जुन्या खानेसुमारीत आंधळे-बहिरे लिहून घ्यायचे म्हणे. पणजोबा तेव्हा इथेच होते. बघ कुठे मिळालं तर." तो बोलून विसरला. तिने मात्र ते औषधाच्या मात्रेसारखं धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शकूला शाळेत सोडून ती ट्रामने खानेसुमारीच्या सरकारी कचेरीत गेली. टेबलामागच्या म्हाताऱ्या बाबूंनी नावगाव ऐकलं आणि चष्मा कपाळावर नेला.

"मराठी? म्हणजे बर्गी, लुटायला आलेले घोडेस्वार!" ते हिंदीत म्हणाले. "तुमच्या भयाने आमच्या लोकांनी बागबाजारपासून खंदक खणला, आणि तुम्ही नेमकं तिथेच बिऱ्हाड थाटलंत?"

"खंदक बुजल्यावर आलो, दादा."

बाबू खळखळून हसले. तिच्यासाठी खुर्ची आली. तिने शकूचं सगळं सांगितलं तेव्हा मात्र त्यांचं हसू मावळलं. आतून त्यांनी एक जाडजूड छापील ग्रंथ आणून उघडला. पानभर नुसते आकडे.

"नावं कुठे आहेत?"

"घरोघरच्या चिठ्ठ्या मोजून झाल्या की रद्दीत जात, दिदी. माणूस उरत नाही. बेरीज उरते."

ती आंधळ्यांच्या रकान्यावरून बोट फिरवत राहिली. "ह्या बेरजेत आमचे पणजोबा असतील?"

"दोन्ही डोळ्यांनी ठार आंधळा असेल, तरच लिहायचा हुकूम होता. तुमच्या पणजोबांना विचारलं असेल, दिसतं का? ते म्हणाले असतील, दिसतं की!"

ती शाळा सुटायच्या वेळेला कशीबशी पोचली. रस्ताभर तिने शकूचा हात इतका घट्ट धरला, की शकू कुरकुरली.

संध्याकाळी अण्णांनी विचारलंच. "काय, सापडला का आमच्या घराण्यातला आंधळा?"

"बेरीज सापडली," ती म्हणाली.

तेवढ्यात वीज गेली. गल्लीतून नेहमीचा एकच ओरडा उठला, मग शांत झालं. शकू जागच्या जागी थिजली. चाचपडत येऊन तिने आईचा पदर मुठीत धरला. सुहासिनीने कंदील पुढे ओढला.

"एवढ्याशा अंधाराला लोक बोंबलतात," अंधारातून अण्णांचा आवाज आला. "आमच्या नारायणआजोबांची शिस्त बघायला हवी होती. दिवेलागणीच्या आत माणूस घरात. लग्न असो, मयत असो, त्यानंतर उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. लोक त्यांच्यावर घड्याळं लावायचे."

सुहासिनीने काडी ओढली होती. ती तशीच हातात राहिली. "आणि घरात, अण्णा?"

"घरात राजासारखे! पुढ्यात ठेवलेला पेला उचलायचे नाहीत, आजीने हातातच द्यायचा. रात्रीच्या ताटात भाजी कुठे, चटणी कुठे, तिने सांगायचं, मगच घास. असा मान होता!"

पुढचं विचारू नये असं तिला वाटलं. तरी तिने विचारलं. "म्हातारपणी?"

"म्हातारपणी तर दिवसासुद्धा..."

अण्णा थांबले. आरामखुर्चीची करकर थांबली. काडीचा चटका बोटांना बसला आणि पुन्हा काळोख झाला.

"सुहास," ते म्हणाले. हा आवाज तिने आजवर ऐकला नव्हता. "आम्हाला तो नियम म्हणून शिकवला गं. मी पाळला. श्यामकडूनही पाळून घेतला."

दुसऱ्या काडीला कंदील लागला. अण्णा उठले, मधल्या दारापाशी गेले आणि ते स्टूल उचलून त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलं. मग पुन्हा हात लावून ते भिंतीला नीट चिकटलंय ना ते पाहिलं.

शकूने पदर ओढला. तिचे डोळे आईच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत होते.

"आजोबांनी गोष्ट अर्धीच सांगितली," ती म्हणाली. "दिवसासुद्धा काय, आई?"